रात्री साडेअकराची नोटीस

माननीय कुलगुरू, मुंबई विद्यापीठ, तसेच ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील महाविद्यालयांचे प्राचार्य यांस,



कबुलीपासूनच सुरुवात करतो. उद्याचं पहिलं लेक्चर रद्द, ही नोटीस मी एकदा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकराला टाकली. लवकर झोपलेली चार पोरं सकाळी डोंबिवलीहून लटकत ठाण्याला आली आणि रिकाम्या वर्गात बसली. त्यानंतर ती फोन उशाशी घेऊन झोपू लागली, तर त्यांना व्यसनी कोणत्या तोंडानं म्हणू?

मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातलं कबुतर आपण वर्गात शिकवतो. टोचल्यावर दाणा नेमानं मिळत असेल, तर तो बंद झाल्यावर ते लवकर टोचायचं थांबतं. कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लागलेलं मात्र कितीतरी वेळ टोचतच राहतं. रील्स अशाच चालतात, हे आपण सेमिनारमध्ये सांगतो. आपल्या नोटिसा, मुदती, निकालही तसेच चालतात, हे सांगत नाही. २०१७ साली ऑनलाइन तपासणीच्या गोंधळात विद्यापीठाच्या निकालांची ३१ जुलैची मुदत हुकली. तेव्हा पोरांनी वेबसाइट पुन्हा पुन्हा उघडली, ती काय हौसेनं?

सगळा दोष नोटिसांचा नाही. लोकलच्या दारात फटका मारून मोबाईल उडवतात, हे कल्याणच्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. तरी फोन हातातच. घरी वन रूम किचन, गाडीत नशीब असेल तर चौथी सीट; स्वतःची म्हणावी अशी जागा त्या स्क्रीनएवढीच. कॅन्टीनमध्ये मान खाली घालून बसलेल्या मुलाला कधी कधी सोबतच नसते. फोन जप्त करून ती मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, मोबाईलचा नाही. तेव्हा व्यसनाचा शिक्का मारायची घाई नको; आधी मदतीची सोय करा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून ठाण्यातच आहे. माणसं शोधायला लांब जायला नको. आणि नोटिसांची वेळ ठरवा, निकालाची तारीख आधी सांगा, सांगितलेली पाळा.

मी संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर काही टाकत नाही. पहिला आठवडाभर रात्री मेसेज येतच होते: ‘सर, उद्या लेक्चर नक्की आहे ना?’

आपला,
डोंबिवलीहून ठाण्याला येणारा एक प्राध्यापक