खोलीची किल्ली

गेल्या आठवड्यांत एका स्नेह्यांकडे आम्ही चहास गेलों, तों घरांत वाद चाललेला. धाकटे चिरंजीव नुकतेच पदवीधर झालेले. चित्रपटकथा लिहिण्याच्या एका शिक्षणक्रमास जाण्याचा त्यांचा हट्ट. आजोबांचा प्रश्न एवढाच, कीं ज्याचें पोट लेखनावर भरतें तो शिकवावयास कशाला बसेल, आणि ज्याचें भरत नाहीं त्याच्यापाशीं शिकून काय मिळणार? आम्हांस तेव्हां उत्तर सुचलें नाहीं. घरीं येतांना मात्र गार्डनर आणि कार्व्हर या अमेरिकन गुरुशिष्यांची हकीकत आठवली.

रेमंड कार्व्हर हा पुढें नामांकित कथाकार झाला. परंतु १९५९ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील चिको येथील कॉलेजांत तो शिकत होता, तेव्हां वय अवघें एकवीस, पदरीं बायको व दोन मुलें, आणि वडील लाकडाच्या गिरणींतले कामगार. लेखन शिकवावयास जॉन गार्डनर हे प्राध्यापक होते. शिष्याहून पांचच वर्षांनीं मोठे. त्यांची एकहि कादंबरी तोंवर छापली गेली नव्हती. पहिली निघाली ती १९६६ सालीं. म्हणजे आजोबांच्या कसोटीस हे गुरु साफ नापास!

आणि तरी ते शिकवीत कसें, तें पाहावें. शिष्याच्या कथेंतील ओळ न् ओळ ते तपाशीत. कांहीं शब्द सरळ खोडीत, व त्यांबद्दल वाद चालत नसे. कांहींभोंवतीं कंस घालीत, व त्यांविषयीं चर्चा होई. स्वल्पविरामावरहि बोलणें होई. तीच कथा पुनः पुनः लिहावयास लावीत. संथा देतांना एका ऱ्हस्वदीर्घासाठीं शिष्यास थांबविणाऱ्या आपल्याकडील वैदिक गुरुजींची येथें आठवण होते.

परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती निराळीच गोष्ट. दोन लहान मुलांच्या बिऱ्हाडांत कार्व्हरला लिहावयास जागा नाहीं हें कळतांच गार्डनर यांनीं कॉलेजांतील आपल्या खोलीची किल्ली त्याच्या हातीं दिली. शनिवार-रविवारीं तो तेथें बसून लिही. भरल्या घरांत स्वतःचें म्हणून एक टेबल मिळणें किती दुर्घट, हें आमच्या वाचकांस, विशेषतः वाचक भगिनींस, सांगावयास नको. त्या खोलींत गुरूच्या अप्रकाशित लेखनाच्या पेट्या होत्या. शिष्यानें त्या चाळल्या, आणि त्यांतील कथांचीं नांवेंहि आपल्या कथांसाठीं उचललीं! वर्गांतील व्याख्यानांपेक्षां त्या न छापलेल्या कागदांच्या ढिगांनींच त्याला या धंद्याचें खरें रूप दाखविलें असावें.

पुढें पोटासाठीं कार्व्हरनें रुग्णालयांत रात्रपाळीची झाडलोटहि केली. मग तो स्वतः अध्यापक झाला. लेखन शिकविण्याबद्दल विख्यात असलेल्या, १९३६ सालीं स्थापन झालेल्या आयोवाच्या कार्यशाळेंत तो १९७३ मध्यें होता; सोबत जॉन चीव्हर हे जुने कादंबरीकार. दोघांचा बहुतेक वेळ मद्यपानांत गेला. तेथील विद्यार्थ्यांच्या पालकांची आम्हांस दया येते. पुढें दारू सुटली, आणि १९८० पासून सिरॅक्यूज विद्यापीठांत त्यानें नीट शिकविलें.

१९८३ मध्यें त्याला एक वृत्ति मिळाली : वर्षाला ३५,००० डॉलर, पांच वर्षें, अट एकच, कीं दुसरी नोकरी करावयाची नाहीं. कार्व्हरनें राजीनामा दिला. त्याला दोष देणें आम्हांस जड जातें, कारण दुसऱ्याचे कागद तपासण्यांत जाणारा वेळ आणि स्वतःचें लिहावयाचा वेळ हे एकाच घड्यांतलें पाणी आहे. मात्र त्याच सालीं गार्डनर यांचें कादंबरीकार होऊं पाहणाऱ्यांसाठीं लिहिलेलें पुस्तक निघालें, व त्याची प्रस्तावना कार्व्हरचीच. किल्लीची हकीकत तींतलीच. ती वाचावयास गुरु नव्हते. १९८२ च्या सप्टेंबरांत मोटारसायकलच्या अपघातांत ते वारले होते. शेवटपर्यंत त्यांनीं प्राध्यापकी सोडली नव्हती.

चिरंजीवांचा ओढा चित्रपटाकडे, म्हणून एक भर घालतों. प्रागहून अमेरिकेंत गेलेले पटकथाकार फ्रँक डॅनियल लॉस एंजेलिसच्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत. एकेका कार्डावर एकेक प्रसंग लिहावा. अशीं सत्तर कार्डें झालीं कीं चित्रपट उभा राहिला, असा त्यांचा पाठ. डेव्हिड लिंच हे त्यांचे शिष्य, आणि तीच रीत त्यांनीं चालविली. कार्डांना पैसे फारसे पडत नाहींत.

हें सर्व आम्हीं आजोबांस पत्रानें कळविलें. त्यांचें उत्तर परवां आलें. जुनीं दप्तरें व लोणच्याच्या बरण्या ठेवलेली माडीवरची खोली झाडून घेतली असून तिची किल्ली नातवाकडे दिली आहे. फीचा विचार दिवाळीनंतर.