मुलाला निवासी केंद्रात ठेवण्याआधी



मुलगा शाळेचं नाव काढत नाही, रात्र रात्र जागतो, घरातले पैसे उचलतो, बोलायला गेलं की हात उगारतो. किंवा मुलगी स्वतःलाच इजा करून घेते. रागावून झालं, समजावून झालं, काकामामांनी सांगून झालं. अशा वेळी कुणीतरी एखाद्या निवासी केंद्राचा नंबर देतं. ‘सहा महिन्यांत सरळ करून देतात. फक्त मधे भेटायला यायचं नाही,’ असंही सांगतं. थकलेल्या आईबापांना ही अट खटकत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. पण नेमकं याच अटीपाशी थांबा. जे केंद्र तुम्हाला मुलापासून तोडतं, तिथे मूल ठेवू नका.

अमेरिकेत ‘बिघडलेल्या’ मुलांसाठीच्या निवासी शाळांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. यूटा राज्यात अशा संस्था फार. प्रसिद्ध अमेरिकन तारका पॅरिस हिल्टन किशोरवयात तिथल्या प्रोव्हो कॅनियन स्कूलमध्ये होती. मारहाण, बळजबरीनं दिलेल्या गोळ्या आणि एकांतात कोंडणं याबद्दल तिनं २०२१मध्ये यूटाच्या विधिमंडळ समितीसमोर साक्ष दिली. घरच्यांशी बोलतानाही पहारा असे, असं तिनं सांगितलं. संस्थेची मालकी २००० साली बदलली आहे आणि आधीच्या काळाबद्दल बोलता येणार नाही, असं आताचे चालक म्हणतात. मात्र २०२१मध्येच यूटानं कायदा केला. मुलाला दर आठवड्याला घरच्यांशी खासगीत बोलता आलं पाहिजे, ही त्यातली एक तरतूद. आईवडिलांच्या कानावर काही पडतच नव्हतं, म्हणून हे कायद्यात लिहावं लागलं.

आपल्याकडे २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, आणि तो पालकांच्या बाजूनं भक्कम उभा आहे. व्यसनामुळे होणारे मानसिक त्रासही त्यात येतात. अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करणं हा अपवाद आहे, असं हा कायदा मानतो. घरी राहून होणारे उपचार निष्फळ ठरले असतील किंवा ते शक्यच नसतील, तरच दाखल करायचं. त्यासाठी आधीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासलेलं हवं, आणि त्यातला किमान एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. मुलांना मोठ्या रुग्णांमध्ये ठेवता येत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मूल दाखल असेपर्यंत पालकानं किंवा त्यांनी नेमलेल्या माणसानं सोबत राहायचं असतं. मुलीसोबत बाई माणूस हवं. दाखल केल्याची खबर ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जायला हवी, आणि मुक्काम तीस दिवसांपलीकडे गेला तर मंडळानं तो तपासायचा असतो.

म्हणजे ‘भेटायला येऊ नका’ म्हणणारं केंद्र कायद्याच्या नेमकं उलट बोलत असतं.

म्हणून पैसे भरण्याआधी स्वतः तिथे जा. फोटो आणि माहितीपत्रक यांवर जाऊ नका. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, तो भिंतीवर शोधा. मनोविकारतज्ज्ञ कोण, आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री मुलांजवळ कोण असतं, हे विचारा. झोपायची खोली आणि संडास-बाथरूम बघा. मूल ऐकत नसेल तर काय करता, हा प्रश्न जरूर विचारा आणि उत्तर नीट ऐका. एकांतात कोंडणं आणि साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे. जबरदस्तीनं डोकं भादरता येत नाही, गणवेश लादता येत नाही, कामाला जुंपता येत नाही. ‘शिस्तीसाठी थोडं करावं लागतं’ असं कुणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरा.

‘आमची माणसं रात्री घरी येऊन मुलाला उचलून नेतील’ अशीही सोय काही ठिकाणी सांगतात. तिला भुलू नका. झोपेतून ओढून नेलेलं पोर पुढे डॉक्टरवरही विश्वास ठेवत नाही आणि तुमच्यावरही. कुठे जायचं, कशासाठी, किती दिवस, हे त्याला आधी सांगा. ते चिडेल, रडेल, तरी सांगा. आणि ‘रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी तर बंदच करा. रिमांड होमचा, म्हणजे निरीक्षणगृहाचा, संबंध गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांशी असतो, उपचारांशी नाही.

बहुतेक घरांनी सुरुवात बाह्यरुग्ण विभागापासून करावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं. मूल जिवाचं बरंवाईट करण्याच्या बेतात असेल, तर मात्र केंद्रांची चौकशी करत बसू नका. त्याला एकटं सोडू नका आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात लगेच न्या. कुठल्या केंद्रात मुलांना मारहाण होते असं कळलं, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आणि दाखल करावंच लागलं, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, ‘घरी आल्यावर आम्ही काय बदलायचं?’ मूल शेवटी परत तुमच्याच घरात येणार आहे. चांगलं केंद्र या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला समोर बसवून देतं, आणि पुढच्या भेटीची तारीखही.