मोहीम अकलूजहून

नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर खेळणारी मंडळी थेट वॉटर्लूला धाव घेतात. मला विचाराल तर मोहीम अकलूजहून सुरू करावी. एप्रिल १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवायला पुण्याकडे निघाला, तेव्हा त्याचा तळ इथे पडला होता. नकाशावर नीरा नदी काढा, बोटभर उंचीचे शिपाई रंगवा (लाल डगले सोपे, मराठी स्वारांच्या पागोट्यांना मात्र बारीक ब्रश आणि दांडगी चिकाटी हवी) आणि फासे टाका. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडून वाढलेल्यांना बाकीचं शिकवायला नको. खरी गंमत चालीत आहे: बैल किती, वैरण कुठे, बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव पुणं जाळणार ही आवई खरी मानायची का? वेलस्लीने मानली आणि घोडदळ घेऊन रातोरात दौड मारत २० एप्रिलला पुणं गाठलं. तुमच्या फाशावर एकच पडला तर? पुढे सप्टेंबरात शिंद्यांशी असईची लढाई येते. तिथे केळणा नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसताच मध्ये उतार असणारच, हे वेलस्लीने ताडलं. टेबलावर तो उतार आधी दाखवू नये. शिंद्यांच्या बाजूने खेळणाऱ्याने तिथे आधीच तोफा नेल्या, तर इतिहास गेला उडत.