दुरुस्ती पोंचली पाहिजे

नवें घर बांधणाऱ्याचें कौतुक सर्वजण करतात. वास्तुशांतीस शंभर पान उठतें, गवंड्यास शेलापागोटें मिळतें. पुढें दरसाल वैशाखांत शिडी लावून छपरावर चढणारा आणि फुटकें कौल काढून त्या जागीं धड कौल बसविणारा गडी मात्र कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं. पाऊस घरांत आला नाहीं, हेंच काय तें त्याच्या कामाचें प्रमाणपत्र. आणि न गळलेल्या पाण्याची आठवण कोण ठेवतो? या महिन्यांत ज्या कामाविषयीं लिहावयाचें योजिलें आहे तें असेंच कौलें परतण्याचें काम आहे. फरक इतकाच कीं, हें छप्पर वाचकांपैकीं बहुतेकांच्या खिशांत आहे.

गेल्या गणेशचतुर्थीस आमचा पुतण्या पुण्याहून घरीं आला होता. तो एका कंपनीच्या संगणकांची देखभाल पाहतो. आरती झाली, मंडळी प्रसादास बसली, तरी हा आपला माडीवरच. खालीं आला तेव्हां ओशाळून म्हणाला, "अण्णा, रागावूं नका. कर्नलमध्यें एक दोष निघाला आहे. त्याची दुरुस्ती आतांच बसवावी लागली." तोंच आमच्या घरांतून प्रश्न आला, "कोणते रे हे कर्नल? आणि त्यांना झालें तरी काय?" सर्वत्र हंशा पिकला. त्या हंशांत माझें स्वतःचें अज्ञान झांकून गेलें, म्हणून मीही मोकळेपणीं हंसलों. पण जेवणें आटोपल्यावर त्याला झोंपाळ्यावर जवळ बसवून घेतलें आणि म्हटलें, "आतां मला नीट समजावून सांग."

त्यानें सांगितलेलें व पुढें मीं वाचून पडताळलेलें येथें देत आहें.

हा कर्नल पलटणींतला नव्हे. बाठा फोडल्यावर आंत जो मगज सांपडतो त्यास इंग्रजींत असेंच नांव आहे. आपण त्यास गाभा म्हणूं. संगणकांत एकाच वेळीं शेंकडों कार्यक्रम चाललेले असतात. प्रत्येकाला स्मरणशक्तींत जागा हवी, पडदा हवा, साठवणींतले कागद हवेत. एकत्र कुटुंबांत कोठीच्या किल्ल्या एकीच्या कमरेला असतात, आणि चूल कोणाला केव्हां व धान्य कोणाला किती हें तीच ठरविते. तिच्यावांचून दहा जावांचा संसार चार दिवस चालावयाचा नाहीं. संगणकांतील ही किल्लीवाली म्हणजे गाभा. तिची नजर चुकली तर चोर थेट कोठींत शिरतो.

अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेंत १९६९ सालीं केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स नांवाची व्यवस्था रचण्यास आरंभ केला. तिच्याच धर्तीवर, परंतु पहिल्या ओळीपासून स्वतंत्र असा गाभा १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिहिला. त्याचें नांव लिनस टॉरवाल्ड्स, आणि गाभ्याचें नांव लिनक्स. पहिली आवृत्ति सुमारें दहा हजार ओळींची होती. आज ती तीन कोटि ओळींच्या वर गेली आहे. अँड्रॉइड म्हणून जे मोबाइल घरोघर दिसतात त्या सर्वांच्या तळाशीं हाच गाभा आहे.

तीन कोटि ओळींत चुका असणारच. त्या दुरुस्त करण्याची रीत मात्र कोणाही शिक्षकानें मन लावून पाहावी अशी आहे. चुकीस हे लोक किडा म्हणतात आणि दुरुस्तीस ठिगळ. ठिगळ कोणत्याही देशांतल्या कोणीही पाठवावें. पण त्यासोबत काय बिघडलें, कां बिघडलें आणि या उपायानें तें कसें सुधारतें, हें लिहून दिलें पाहिजे. खालीं आपलें नांव घालून जबाबदारी घेतली पाहिजे. दोष कोणीं कळविला, ठिगळ कोणीं तपासलें, कोणीं चालवून पाहिलें, हींही नांवें नोंदविण्याची चाल आहे. तें ठिगळ त्या त्या विभागाच्या राखणदाराकडून वर चढत टॉरवाल्ड्स यांच्या मूळ प्रतींत येतें. दर नऊदहा आठवड्यांनीं नवी आवृत्ति निघते. त्यांपैकीं पहिले दोन आठवडेच नव्या गोष्टींना दार उघडें. उरलेला सारा काळ चुका वेंचण्याचा.

याखेरीज २००५ सालापासून 'स्थिर' आवृत्त्यांची एक निराळी शाखा ठेवलेली आहे. जी मंडळी जुनी आवृत्ति वापरीत आहेत त्यांना केवळ दुरुस्त्या पोंचाव्या, हा तिचा उद्देश. तिचे नियम कडक आहेत. ठिगळ आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींहून मोठें नसावें. तें तपासलेलें असावें. आणि तें आधीं मूळ प्रतींत गेलेलें असावें. या शेवटच्या नियमाचें मर्म ध्यानीं घेण्याजोगें आहे. केवळ फांदीवर उपचार केला आणि मूळ तसेंच राहिलें, तर पुढच्या वर्षीं तीच कीड नव्या पालवीबरोबर पुनः येते.

इतकी व्यवस्था असतांही चूक कशी निसटते, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचें नांव 'डर्टी काऊ'. आपल्या कानांस तें खटकेल, पण गाईचा येथें कांहीं संबंध नाहीं. 'कॉपी ऑन राइट', म्हणजे लिहितांना नक्कल, या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तें पडलें आहे. ही नक्कल म्हणजे काय तें दफ्तराच्या दृष्टांतानें सांगतों.

समजा, वाड्याचें मूळ खरेदीखत एका दफ्तरदाराजवळ आहे. वाचण्यास तें सर्वांना खुलें. त्यावर लिहिण्यास कोणालाही मुभा नाहीं. एखाद्यानें लिहावयास मागितलें, तर दफ्तरदार त्यास एक नक्कल करून देतो. ती त्यानें हवी तशी खरडावी. मूळ खत निर्मळ राहतें. आतां दोघे भामटे संगनमत करून येतात. पहिला लिहावयास मागतो. दफ्तरदार नक्कल करून मेजावर ठेवतो आणि आपल्या वहींत टिपतो कीं, नक्कल झाली, आतां परवानगी तपासण्याचें कारण उरलें नाहीं. इतक्यांत दुसरा म्हणतो, "ती नक्कल नको, टाकून द्या." ती केरांत जाते. दफ्तरदार वळून पाहतो तों मेजावर मूळ खतच पडलेलें. वहींत तर परवानगीचा प्रश्न मिटलेला! तो मूळ खत उचलून पहिल्याच्या हातीं देतो. हा सारा प्रकार निमिषाच्याही अल्पांशांत घडावयास हवा. बहुतेक वेळां तो साधत नाहीं. परंतु संगणकांतले भामटे थकत नाहींत. ते लक्ष वेळां प्रयत्न करतात आणि एकदां साधलें कीं पुरे. ज्याला केवळ वाचण्याचा अधिकार, तो लेखन करून साऱ्या यंत्राचा धनी होऊन बसतो.

हा दोष टॉरवाल्ड्स यांच्या ध्यानांत २००५ सालींच आला होता. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत त्यांनीं त्यावर ठिगळही घातलें. परंतु आय.बी.एम.च्या एस-३९० नांवाच्या मोठ्या संगणकांची घडण इतरांहून वेगळी. अमुक पानावर लेखन झालें आहे ही खूण इतर यंत्रें जेथें ठेवीत तेथें तीं ठेवीत नसत, आणि नेमका त्याच खुणेवर हा उपाय उभा होता. त्या यंत्रांवर अडचण आली, आणि थोड्याच दिवसांत ठिगळ काढून घ्यावें लागलें. हें काढणें गैर नव्हतें. एकाचें सुधारतांना दुसऱ्याचें चालतें काम मोडूं नये, हा या मंडळींचा जुना दंडक आहे. पण छिद्र मात्र राहिलें. त्या काळीं असा योग जुळून येणें जवळजवळ काल्पनिक वाटे. पुढें गाभ्याचा स्मरणव्यवहार अधिक वेगवान व विस्तृत झाला आणि जें काल्पनिक होतें तें सहजसाध्य होऊन बसलें. २००७ सालच्या २.६.२२ या आवृत्तीपासून ही वाट चोरांना मोकळी होती. मध्यंतरीं एस-३९० ची अडचण दूर झाली; परंतु काढलेल्या ठिगळाकडे कोणीं परत वळून पाहिलें नाहीं. डोळे पुष्कळ असले म्हणजे कोणताही दोष फार काळ लपत नाहीं, असा या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा विश्वास आहे. येथें डोळे हजारों होते, आणि दोष नऊ वर्षें राजरोस नांदला.

शेवटीं २०१६ सालीं फिल ओस्टर या गृहस्थांनीं तो उजेडांत आणला. तोही पुस्तकी तपासणींत नव्हे. आपल्या संगणकाकडे येणाऱ्या साऱ्या रहदारीची ते नोंद ठेवीत. त्या नोंदींत एका घुसखोरानें वापरलेलें हत्यारच त्यांच्या हातीं लागलें. म्हणजे राखणदारांच्या आधीं चोरांना वाट ठाऊक झाली होती. त्या ऑक्टोबरांत टॉरवाल्ड्स यांनीं दुरुस्ती केली. ती अगदीं थोड्या ओळींची आहे. लिहिण्याची मागणी दफ्तरदारानें विसरूं नये, 'नक्कल झाली' ही खूण निराळी ठेवावी, आणि हातांतला कागद खरोखर नक्कलच आहे कीं नाहीं हें देण्यापूर्वीं पाहावें, इतकाच तिचा आशय. परंतु सोबतच्या टिपणांत त्यांनीं जें लिहिलें त्यानें मी थक्क झालों. हा जुना दोष असून अकरा वर्षांपूर्वीं मीच तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता व तो वाईट रीतीनें केला होता, अशी स्पष्ट कबुली त्यांत आहे. लावलेलें ठिगळ कोणतें आणि काढून घेतल्याची नोंद कोणती, हेंही त्यांनीं खुणेनिशीं दाखविलें आहे. ज्याच्या नांवावरून गाभ्याचें नांव पडलें त्यानें आपली चूक आपल्याच दफ्तरांत, जगाला वाचतां येईल अशी, नोंदवून ठेवली. पुढें २०१७ च्या नोव्हेंबरांत असें दिसून आलें कीं, मोठ्या आकाराच्या पानांच्या बाबतींत हीही दुरुस्ती अपुरी आहे. तेव्हां तिलाही ठिगळ घातलें गेलें, आणि त्याचीही नोंद झाली.

संस्कृत शिकलेल्यास हें अपरिचित वाटूं नये. पाणिनीचीं सूत्रें सुमारें चार हजार. त्यांवर कात्यायनानें वार्तिकें रचलीं. जेथें सूत्र अपुरें पडतें असें त्यास वाटलें तेथें त्यानें पुरवणी जोडली. पुढें पतंजलीनें महाभाष्यांत त्या पुरवण्यांचीही झडती घेतली; कांहीं मान्य केल्या, कांहीं अनावश्यक ठरविल्या. यामुळें पाणिनीची थोरवी कमी झाली असें कोणी म्हणत नाहीं. उलट सूत्र, दुरुस्ती आणि दुरुस्तीची तपासणी हीं तिन्ही जपून ठेवलीं, म्हणूनच तें शास्त्र आजवर उभें राहिलें.

हें सारें लिहीत असतां मला माझी एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

पंचवीसएक वर्षांपूर्वींची सहामाही परीक्षा. संस्कृताच्या प्रश्नपत्रिकेंत मींच घातलेला एक प्रश्न होता: कवी अधिक इमौ, संधि करा. एका मुलानें 'कवी इमौ' असेंच उत्तर लिहिलें. सत्तर पेपरांचा गठ्ठा समोर, रात्र फार झालेली. मीं त्यावर तांबडी फुली मारली आणि बाजूस 'कवीमौ' असें लिहिलें. वास्तविक ई, ऊ किंवा ए यांनीं संपणारें द्विवचनी रूप पुढच्या स्वराशीं संधि करीत नाहीं. त्यास प्रगृह्य म्हणतात. हा नियम मींच त्या वर्गाला शिकविलेला! पेपर हातीं पडल्यावर तो मुलगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, तें द्विवचन आहे ना?" मीं "मागाहून पाहूं" म्हणून त्यास वाटेस लावलें. त्याच रात्रीं चूक ध्यानांत आली. पण गुण वर गेले होते, एका गुणानें काय होतें, असें मनाचें समाधान करून घेतलें. पुढच्या वर्षीं माझ्या नमुना-उत्तरांच्या वहींत मीं गुपचूप दुरुस्ती केली. त्यानंतरच्या कोणत्याही मुलाचा त्या प्रश्नावर गुण गेला नाहीं.

मला वाटे, दुरुस्ती झाली. ती झाली नव्हती. मूळ प्रत सुधारली, पण जुनी आवृत्ति ज्याच्या हातीं होती त्याला ती पोंचलीच नाहीं. तो मुलगा आज चाळिशीचा गृहस्थ असेल. खरा नियम पाठ असून आपण चुकलों, असें समजून तो वर्गाबाहेर पडला. कदाचित् त्या दिवसापासून स्वतःच्या उत्तरावर त्याचा विश्वासही उरला नसेल. त्याच्या दृष्टीस हे पान पडलें तर त्यानें जाणावें कीं, उत्तर तुझें बरोबर होतें आणि फुली माझी चूक होती. तूं विचारलेंस तेव्हांच मीं हें सांगावयास हवें होतें.

वाचकांस दोनच विनंत्या. पहिली व्यवहाराची आहे. मोबाइल 'नवी दुरुस्ती आली आहे, बसवूं का?' असें विचारतो तेव्हां आपण 'नंतर' म्हणून तें बोट दाबतों. कोणीतरी कोठें रात्र जागवून छिद्र बुजविलेलें असतें. तें आपल्या घरीं पोंचूं न देण्याचें पाप आपण करूं नये. ज्या जुन्या फोनांस कारखानदार दुरुस्त्या पाठवीत नाहींत, त्यांवर निदान पैशाअडक्याचे व्यवहार करूं नयेत. दुसरी विनंती वडीलधाऱ्यांस आहे. घरांत धाकट्याला आपण विनाकारण दटावलें असें मागाहून कळलें, तर पुढच्या खेपेस जपून वागणें ही अर्धीच दुरुस्ती होय. ज्याला फुली मिळाली त्याला हांक मारून ती खोडली पाहिजे.

आमचा पुतण्या दिवाळीस आला तेव्हां हा लेख त्यास वाचून दाखविला. कांहीं वेळ तो गप्प राहिला, मग म्हणाला, "अण्णा, तुमची दुरुस्ती अकरा वर्षांहून जुनी निघाली." मीं म्हटलें, "म्हणूनच तर नोंद करून ठेवतों आहें."