आधी मोजा, मग बदला!

जुन्या मारुती ८०० चा बॅटरीचा लाल दिवा मधूनच लागतो, मधूनच विझतो. गॅरेजवाल्याचा निकाल तयार: "साहेब, बॅटरी गेली." अहो, तो दिवा बॅटरीच्या तब्येतीचा नाहीच, चार्जिंगचा आहे! इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. दिवा लागलेला असतानाच मोजा. कमी भरले तर आधी बेल्ट, मग कनेक्शन आणि अर्थिंग, मग अल्टरनेटरचे कार्बन ब्रश. हे सगळं किरकोळ खर्चाचं काम.

लॉग न बघता सर्व्हर बदला म्हणणाऱ्याला आपण ऑफिसात हसतो. गॅरेजात मात्र निमूटपणे पाकीट काढतो. साधा मल्टिमीटर एका पिझ्झाच्या पैशांत येतो. घ्या की राव!