मांडवाच्या दारी मोबाइलचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात पुतणीचे लग्न पुण्याबाहेरच्या एका लॉनवर झाले. पाठवणी आटोपली, पाहुणे पांगले आणि रात्री अकराच्या सुमारास मांडववाला तरुण आमच्या बंधूंसमोर येऊन उभा राहिला. बंधूंनी खिशातून मोबाइल काढला. परंतु सकाळपासून फुलवाला, गाडीवाला, भटजी अशा सर्वांच्या रकमा त्यावरूनच गेल्या होत्या. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने साधारणतः दिवसाला एक लाख रुपयेच पाठविता येतात; ती मर्यादा संपली होती. "राहू द्या काका, उद्या करा," असे तो तरुण हसून म्हणाला खरा, पण त्याच्यामागे आठ माणसे खांब, पडदे आणि खुर्च्या ट्रकवर चढवीत रोजासाठी थांबली होती. त्याने आचाऱ्याकडून उसने घेऊन त्यांची मजुरी चुकती केली, हे आम्हांला नंतर कळले.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, मोबाइलवरून पैसे घेणे म्हणजे टेबलावर ठिपक्यांचा चौकोन ठेवणे, अशी या व्यवसायातील बहुतेकांची समजूत झाली आहे. २०१६मध्ये यूपीआय सुरू झाले. ऑगस्ट २०२५मध्ये एका महिन्यातील व्यवहारांनी दोन हजार कोटींचा टप्पा ओलांडला. मांडववाले, आचारी, बँडवाले, ध्वनिक्षेपकवाले यांनीही ते स्वीकारले. पैसे घेण्याची रीत अशी बदलली. व्यवहाराची रीत मात्र जुनीच राहिली. वास्तविक गरज आहे ती दुसरी बदलण्याची.

पूर्वी बँडवाले वा तमाशाचा फड ठरविला की सुपारी दिली जाई. (या शब्दाला पुढे भलताच अर्थ चिकटला, हे त्याचे दुर्दैव.) ती हातावर पडली की शब्द पक्का होई आणि चोपडीत तारीख लिहिली जाई. आज विसाराचे पाच हजार मोबाइलवर येतात, पण ते कोणत्या तारखेचे, कोणत्या कामाचे, काम रद्द झाले तर परत करायचे की नाही, याचा कोठेही उल्लेख नसतो. वाद झाला की दोन्ही बाजू फोनमधील जुने निरोप शोधीत बसतात. पैसे स्वीकारताच मागणीपत्राचे छायाचित्र आणि हप्त्यांच्या तारखा ग्राहकाला पाठविणे, एवढी शिस्त फुकटात पाळता येते. एक तृतीयांश ठरविताना, एक तृतीयांश आठ दिवस आधी आणि उरलेली रक्कम कार्याच्या आदल्या दिवशी, अशी विभागणी केली तर मध्यरात्रीचा तो अवघड क्षण येतच नाही. दिवसाच्या मर्यादेचा प्रश्नही मिटतो.

दुसरी गोष्ट खात्याची. अनेकांचा चौकोन घरच्या बचत खात्याशी जोडलेला असतो. त्याच खात्यात भिशीचे पैसे येतात, मेहुण्याने परत केलेले उसने येते आणि लग्नघरचे तीस हजारही येतात. वर्षअखेरीस धंदा किती झाला, हे मालकालाच सांगता येत नाही; मग कर खात्याने विचारले तर तो काय सांगणार? जुलै २०२५मध्ये बंगळुरूच्या छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या जमा रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि अनेकांनी भिंतीवरचे चौकोन काढून 'फक्त रोख'च्या पाट्या लावल्या. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. उपाय मात्र चुकीचा आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. मग पैसे रोख येवोत वा मोबाइलवर. घरचे आणि धंद्याचे पैसे वेगळे ठेवले, तर निदान नको त्या रकमेचा जाब द्यावा लागत नाही.

रोखीच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक तरतूद मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती थेट लग्नकार्यालाच लागू पडते. एप्रिल २०१७पासून एका व्यक्तीकडून एका प्रसंगासाठी दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. चार हप्ते पाडले म्हणून सुटका होत नाही, कारण कायदा प्रसंग मोजतो, हप्ते नव्हे. दंड तेवढ्याच रकमेचा आणि तोही घेणाऱ्याला! मोठ्या लग्नाचा मांडव आणि भोजन एकत्र घेणाऱ्याला ही मर्यादा ओलांडायला किती वेळ लागतो? उलट, अनुमानित उत्पन्नाच्या सोप्या पद्धतीने आयकर भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला रोख जमेवर आठ टक्के नफा धरावा लागतो, तर बँकेमार्फत आलेल्या जमेवर सहा टक्के. पंधरा लाखांच्या धंद्यात हा फरक तीस हजारांच्या उत्पन्नाचा होतो. बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर १ जानेवारी २०२०पासून व्यापाऱ्याला शुल्कही पडत नाही.

आणखी एक लाभ आहे, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मांडवाचा धंदा हंगामी. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, चातुर्मासात गणपती-नवरात्राचा काळ सोडला तर हात रिकामे. आणि कापड, खुर्च्या, दिव्यांच्या माळा घ्यायच्या त्या नेमक्या हंगामापूर्वी. त्या वेळी हा माणूस खासगी सावकाराच्या दारी जातो. २०१५पासून मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळण्याची सोय आहे, पण बँकेच्या अधिकाऱ्यापुढे ठेवायला त्याच्याजवळ काही नसते. दोन हंगामांच्या जमेचा चालू खात्यावरचा स्वच्छ उतारा हे काम करू शकतो.

धोके नाहीत असे नाही. लष्करी अधिकारी असल्याचे सांगून फोनवरून शंभर माणसांच्या जेवणाची मागणी नोंदवायची आणि 'विसार पाठवितो, हा चौकोन स्कॅन करा' म्हणायचे, ही भामट्यांची जुनी युक्ती आहे. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, हे कारागिरांपासून घरच्या मुलांपर्यंत सर्वांना पाठ असले पाहिजे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. फोनवर दाखविलेल्या चित्रावर विसंबून सामान हलवू नये. आपल्या खात्यात जमा झाल्याची खात्री करावी. क्वचित फसवणुकीतला पैसा फिरत फिरत आपल्या खात्यात येतो आणि पोलिसांच्या सूचनेवरून बँक ती रक्कम, प्रसंगी सारे खाते गोठविते. अशा वेळी मागणीपत्र आणि पावती हाच बचाव.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्यापैकी अनेक जण उत्सव समित्यांवर काम करतात. वर्गणी मोबाइलवर पहिल्या दिवशी जमा होते आणि मांडववाल्याचे बिल विसर्जनानंतर महिनाभर फिरत राहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कित्येक ठिकाणी वर्गणीचा चौकोनही खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचाच असतो. छोट्या व्यावसायिकाला शिस्त शिकविण्यापूर्वी हे दुरुस्त करायला हवे.

बंधूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पैसे पाठविले. परवा धाकट्या पुतणीच्या लग्नाची बोलणी करायला तोच तरुण घरी आला, तेव्हा त्याने बॅगेतून छापील कागद काढला. वर चालू खात्याचा चौकोन, खाली तीन हप्त्यांच्या तारखा. शेवटचा हप्ता कार्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत. "काका, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. बंधूंनी चष्मा लावून दोनदा वाचले, 'बारापर्यंत' खोडून 'पाचपर्यंत' करायला लावले आणि सही केली.