हयातीचे प्रमाण आणि मृत्यूची नोंद

कर्करोगाच्या बाबतीत वैद्यकाची प्रगती सिद्ध करावयाची झाली की एकच पुरावा हटकून रुजू केला जातो: १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत निदान झालेल्या शंभर रुग्णांपैकी, इतर कारणांनी येणारे मरण हिशेबातून वगळता, सुमारे ४९ जण पाच वर्षांनंतर हयात असत, आज ते सुमारे ६९ असतात, सबब त्या मानाने रोगावर मात झाली आहे. आकडे खरे आहेत. आमची हरकत आहे ती त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाला.

हयातीची पाच वर्षे मोजली जातात ती निदानाच्या दिवसापासून, आणि तो दिवस रोगावर जितका अवलंबून असतो, तितकाच तपासणाऱ्याच्या साधनांवर व उत्साहावरही असतो. एखादा इसम सत्तराव्या वर्षी या व्याधीने मरणारच असेल, तर सदुसष्टाव्या वर्षी निदान झाल्यास तो अपयशाच्या खाती पडतो आणि साठाव्या वर्षी झाल्यास यशाच्या. मरणाची तारीख मात्र एका दिवसानेही हललेली नसते. २००७ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे रुडी जुलियानी, ज्यांना स्वतःला प्रॉस्टेटचा कर्करोग होऊन गेला होता, यांनी जाहीर केले की या रोगातून वाचण्याची शक्यता आपल्या देशात शेकडा ८२ आणि सरकारी वैद्यकसेवेच्या इंग्लंडात अवघी ४४ आहे. ही टक्केवारी काढण्याची रीतच सदोष होती. परंतु ती निर्दोष असती तरी अंतर मोठेच दिसले असते, कारण धडधाकट पुरुषांचे रक्त तपासून हा रोग हुडकण्याचा प्रघात अमेरिकेत फार होता व इंग्लंडात बेताचा. मृत्यूचे दफ्तर उघडावे, तर लाख पुरुषांमागे एकीकडे सुमारे २६ आणि दुसरीकडे सुमारे २७!

दक्षिण कोरियात याहून विलक्षण प्रकार घडला. तेथे थायरॉइडच्या कर्करोगाची नोंद १९९३ ते २०११ या काळात पंधरा पटींनी वाढली आणि मृत्यू होते तेवढेच राहिले. ज्यांना तो रोग जन्मात कधी जाचला नसता, अशा सहस्रावधी माणसांच्या गळ्यावर शस्त्र चालले, आणि तीच माणसे हयातांच्या यादीत जमा होऊन टक्केवारी उजळून निघाली.

एवढे ऐकताच दुसरा पक्ष हर्षभराने पुढे सरसावतो आणि म्हणतो की मग सारीच प्रगती आकड्यांचा भ्रम होय. हे मत आम्हांस पहिल्याहून अधिक अनर्थकारक वाटते. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली लेडर्ली प्रयोगशाळेत सिद्ध झालेले औषध देऊन, रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या बालकांना काही महिने उठवून बसविले, आणि पुढे रोग उलटला. १९६० च्या सुमारासही अशा शंभर मुलांपैकी दहासुद्धा वाचत नसत. मग मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र योजून, शिवाय मेंदू व मज्जारज्जूच्या आवरणांत दडणाऱ्या पेशींवरही उपाय करून, निम्म्या मुलांना दीर्घकाळ रोगमुक्त ठेवता येते हे दाखविले. आज संपन्न देशांत सुमारे ९० वाचतात. हा रोग वर्षानुवर्षे आधी हुडकता येत नाही. मूल फिकटते, तापते, अंगावर काळेनिळे डाग उठतात, आणि निदान काही आठवड्यांत होते. निदानाची तारीख मागे ओढण्यास येथे वावच नाही, आणि मुलांचे मृत्यूही त्याच काळात घटले. सबब येथे हयातीच्या प्रमाणाची साक्ष ग्राह्य धरली पाहिजे.

जेथे निदानाची वेळ बदलली, तेथे वयोमानाचा फरक वजा करून काढलेला मृत्युदरच निर्णायक मानावा, असा आमचा पक्ष आहे. अमेरिकेत तो १९९१ पासून सुमारे एक तृतीयांशाने उतरला आहे. अर्थात त्यातील मोठा वाटा सुटलेल्या सिगारेटींचा, ज्याचे श्रेय कोणत्याही शल्यविशारदाने घेऊ नये.

या कसोटीचा उत्तम दाखला आपल्याच भूमीतला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची एचपीव्ही विषाणूसाठी एकवार तपासणी करण्यात आली, आणि आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने त्या गटात ३४ मृत्यू झाले, तर जवळजवळ तेवढ्याच मोठ्या बिनतपासणीच्या गटात ६४. (त्या गटाला तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, हा वाद पुढे झाला, आणि तो रास्तच होता.) ज्या स्त्रीची विकृती कर्करोग होण्यापूर्वीच काढून टाकली गेली, ती रुग्णच ठरली नाही, म्हणून हयातीच्या कोणत्याही टक्केवारीत तिची गणना होत नाही, आणि वैद्यकाचे हे यश त्या प्रमाणाला दिसूच शकत नाही. ते दिसते गावोगाव फिरून जमविलेल्या रोगाच्या व मृत्यूच्या नोंदींत. आणि म्हणूनच बार्शीस १९८७ पासून चालत आलेल्या ग्रामीण कर्करोग-नोंदणीसारख्या कामांवरील खर्चात जे कोणी काटकसर सुचवितील, त्यांस आमचा सक्त विरोध राहील.